काहीच होऊ न देणारी

सॉफ्टबॉल म्हंजे काय, हे सत्तरच्या दशकात आमच्या राजूरकडच्या गावात कुणाच्या बापाला ठाऊक न्हवतं. खेळाच्या सरांनी कुठून तरी एक बॅट अन् दोन ग्लोव्ह आणले आणि मुलींची टीम केली. मी कॅचर. बॅटवालीच्या मागं उकिडवं बसायचं, चेंडू हुकला की धरायचा; तीनदा हुकला की ती बाद. अन् आमची पिचर, म्हंजे चेंडू टाकणारी, अशी खमकी, की दर चेंडू माझ्याच हातात यायचा!

ती मेंढपाळाची लेक, दहावीत माझ्याच बाकावर. लहानपणापासून बाजरीतली पाखरं हाकलायला गोफण फिरवलेली. हात गर्रकन फिरला की चेंडू सणसणत यायचा. असा हात मी पुन्हा कुणाचा पाह्यला न्हाई.

त्या साली दिवाळीनंतर तिच्या घरची मेंढरं गोदाकाठाकडं निघायची होती. बाप म्हणाला, हिलाही नेतो.

"वयात आलेली पोर आत्याच्या घरी कशी ठेवू? आत्या दिवसभर रानात. हिला कोण राखील?"

तिला दहावी व्हायचंच होतं. रडून रडून डोळे सुजवले. शेवटी सरांनी बापाच्या हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं, की निघायच्या आदल्या दिवशी जालन्याच्या मुलींशी मॅच हाय, ती बघा, मंग ठरवा.

बाप आला. काठी टेकून चेंडू अडवायच्या जाळीमागं, बराबर माझ्या पाठीशी उभा राह्यला. जालन्याच्या पोरींचे पांढरेशुभ्र बूट, आम्ही अनवाणी. एकेक जण तोऱ्यात यायची, बॅट फिरवायची, चेंडू थाडकन माझ्या हातात, अन् बाई तोंड पाडून माघारी. आमच्या बॅटीचंही काही खरं न्हवतं म्हणा. त्यांच्या एकीनं चेंडू भलतीकडं भिरकावला म्हणून आमचा एक रन झाला, बस्स.

"काय गं पोरी," बाप मागून म्हणाला, "कुणी मारंना, कुणी पळंना. काहीच होऊन न्हाई राह्यलं. हा कसला खेळ?"

माझं टाळकंच सटकलं. इथं तळहाताची भाकर झालेली, अन् हे म्हणतात काहीच न्हाई!

"मामा, ती होऊ देऊन न्हाई राह्यली! एक चेंडू ढिला सुटू द्या, मंग बघा कशा पळतात त्या."

त्यानं काठीवर हनुवटी टेकून पुढचे दोन चेंडू बघितले. मंग म्हणाला, "लांडगा रातभर मेंढरांच्या वाड्याभोवती फिरतो. सकाळी मोजून मेंढरं बराबर भरली, की लोक म्हणतात, रातीला काहीच झालं न्हाई. जागलेल्यालाच ठाऊक असतं."

शेवटच्या डावात त्यांची एक पोरगी कशीबशी तिसऱ्या बेसपर्यंत पोचली, रनला एकच टप्पा उरला. दोघी बाद झाल्या, तिसरी झाली की खेळ खलास, अन् त्यांची सगळ्यात दांडगी पोरगी बॅट घेऊन आली.

"ती तिकडची इथवर आली तर?" बापानं विचारलं.

"बरोबरी होईल."

"येऊ देऊ नको गं!" तो जाळी धरून लेकीवर ओरडला. सगळं मैदान वळून बघाया लागलं. तिनं बापाकडं बघितलंसुद्धा न्हाई. हात फिरला. एक. पुन्हा फिरला. दोन. तिसरा चेंडू मला दिसलाच न्हाई, हाताला लागला तेव्हा कळलं की आम्ही जिंकलो.

आम्ही नाचत होतो, तेवढ्यात बाप सरांपाशी गेला.

"मास्तर, होऊ द्या हिची दहावी. मी म्हणत व्हतो, हिला कोण राखील. ही तर तुमची सगळी शाळा राखून राह्यली."

इतका वेळ पापणी न हललेली आमची पिचर मैदानातच मटकन खाली बसली अन् हमसून हमसून रडली.