निर्जळ एकादशी आणि कुस्कोची भूमाता

अंबामातेच्या चरणी मस्तक ठेवून, ज्येष्ठातील निर्जळ एकादशीस दूरच्या पेरू देशात जे अनुभवास आले, ते लिहितो. त्या दिवशी सकाळपासून माझ्या मनात एकच शंका घोळत होती. जिथे आपल्या देवाचे नावही कोणास ठाऊक नाही, तिथून मारलेली हाक पोहोचत असेल काय?

आमची कन्या मुक्ता नोकरीनिमित्त त्या देशी असते. कुस्को नगरीभोवतीची इंका लोकांची प्राचीन स्थळे दाखवणारी दिवसभराची सहल तिने आम्हा उभयतांसाठी ठरवली होती. आमची सौभाग्यवती पातूरकडच्या शेतकरी घराण्यातील. ही एकादशी तिने कधी मोडलेली नाही. पण तिथी आमच्या गावची, अमरावतीची धरावी की कुस्कोची, असा पेच पडला, कारण अमरावतीस सूर्य उगवतो तेव्हा तिकडे आदली संध्याकाळ असते. तिने मला विचारले. मी ग्रंथवचने आठवीत बसलो, तोवर तिनेच निकाल लावला, "दोनी धरू. देवाचं कमी नको पडाले." अशा रीतीने आदल्या संध्याकाळपासून तिच्या ओठांना पाणी नव्हते, आणि आम्ही विरळ हवेच्या त्या पर्वतावर चढत होतो.

पहिले स्थळ साक्सायवामान. तिथल्या भिंतींत चुना नाही, तरी दोन प्रचंड शिळांमध्ये चाकूचे पाते शिरत नाही. मार्गदर्शक बाई ते कौतुकाने सांगत असता सौ. हसून म्हणाली, "इले म्हना आमच्या पातूरची लेणी पाहा. तिथं तं जोडच नाही, सारा एकच दगड!" पुढे केन्को येथे खडकात नागमोडी पन्हळ कोरलेली दिसली, तीतून पूर्वी पेय अर्पण करीत, असे बाईंनी सांगितले. तिथून निघताना मात्र सौ.चे हसणे थांबले होते. तांबोमाचाय येथे, जिथे दगडी मुखांतून झऱ्याचे पाणी अखंड वाहते, तिने माझा हात घट्ट धरला आणि ती खालीच बसली. ओठ निळसर झाले होते, श्वास उथळ.

मुक्ता बाटली घेऊन धावली. "आई, घोटभर तरी घे गं! हट्ट करू नकोस."

"उद्या घेईन."

मी म्हणालो, "प्राणसंकटात व्रत सोडले तर दोष नाही. शास्त्रच सांगते."

"कालपासून कुठी होतं तुमचं शास्त्र?" डोळे मिटूनच तिने विचारले.

मार्गदर्शक बाईंनी गाडीतील प्राणवायूचे नळकांडे आणण्यास माणूस धाडला. मी झऱ्यापुढे हात जोडले. तिथल्या देवतेस कोणत्या नावाने हाक मारावी ते सुचेना. "आई" एवढेच तोंडून निघाले.

पायवाटेकडेला लोकरीच्या शाली विकणारी एक वृद्धा उठून आली. दोन लांब वेण्या, माथ्यावर टोपी, हाती किटली. पुदिन्यासारख्या वासाच्या पाल्याचा ऊन काढा तिने पेल्यात ओतला, आधी थोडा भूमीवर सांडला, काही पुटपुटली आणि मग पेला सौ.च्या ओठांशी धरला. पहिला घोट धरणीमातेचा, ही तिथली रीत. तिला ते 'पाचामामा' म्हणतात. बाईंनी सांगितलेले मुक्ताने मराठीत सांगितले.

सौ.ने डोळे उघडले. "भुईले आंधी देल्लं इनं? मंग हे तं तीर्थ झालं. आमची माय वावरात भाकर खाताना पयला घास भुईलेच देये. तीर्थाले नाही म्हनू नये."

तिने पेला रिकामा केला. वृद्धेने पुन्हा भरला, पुन्हा भूमीला दिला, पुन्हा पाजला.

मुक्ता रडता रडता हसली. "आई, तीर्थ तर पळीभर असतं ना गं?"

"चूप बस. तीर्थ मापून घेतात काय?"

त्यानंतर प्राणवायू आला आणि आम्ही खाली उतरलो. सायंकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. हे काढ्याने झाले, प्राणवायूने की आणखी कशाने, याचा निवाडा मी करीत नाही. निघण्यापूर्वी सौ.ने आपल्या करंड्यातले कुंकू त्या वृद्धेस लावले. तिने टोपी काढून मान लववली, एवढे मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. रोज पहाटे पाऊल टेकण्यापूर्वी मी भूमीची क्षमा मागतो. त्या दिवशीही कुस्कोच्या थंड फरशीवर वाकून मागितली होती, आणि तरी हाक पोहोचेल की नाही म्हणून दिवसभर झुरत होतो. जिच्यावर उभा होतो, तिलाच दूर समजत होतो. आता हाक मारतो आणि उत्तर कसे द्यायचे ते तिच्यावर सोपवतो.

वाचकहो, आपल्या घरातील पहिला घास तिला पोहोचो, आणि तिच्या कृपेने आपल्या उंबरठ्याआत कोणीही तहानलेले न राहो.