इंजिनाखालची रबरं

हे गेल्यावर आमची जुनी मोटार दुरुस्त करायला इंदापूरहून एक मेकॅनिक अंगणात यायचा. नाव काही मी विचारलं नाही बघा. चहात तीन चमचे साखर लागायची त्याला, एवढं मात्र पाठ झालं होतं. इंजिन ज्या रबरांवर बसतं, ती पार चिरली होती. मी म्हटलं, "काहीही घाल बाबा, पण आवाज ह्यांच्या वेळचाच राहू दे."

"मग नवी मऊ रबरं न्हाय चालायची, मावशी. पहिल्यासारखी कडकच पायजेत."

कुठनं कुठनं शोधून आणली त्यानं. बसवून गाडी चालू केली आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. तोच थरथरता आवाज! मी लगबगीनं आत जाऊन चहा टाकला, ह्यांना लागायचा तसा, बिनसाखरेचा.

मेकॅनिकनं एक घोट घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि कप मुकाट्यानं संपवला.