लाल चांदणी
स्पिरिटचा वास आला की सयाजीगंजातला तो खासगी दवाखाना आठवतो. मी तिथे शिपाई होतो. जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवला आणि पेशंटांची सगळी माहिती त्यात भरली. जुन्यात माझ्या बायकोच्या नावापुढे लाल चांदणी होती; आमच्याकडे तिचा अर्थ, हिला पेनिसिलीन द्यायचं नाही. नव्यात नाव होतं, चांदणी नव्हती. विचारलं तर कॉम्प्युटरवाल्या बाई हसल्या, "काका, चांदण्या आकाशात शोधा. डेटा बधो आवी गयो, सगळा आलाय!" शिकलेल्या बाई, म्हणून मी गप्प बसलो. पुढच्याच आठवड्यात बायकोला ताप आला. नव्या डॉक्टरनी स्क्रीन बघून इंजेक्शन दिलं, तेव्हा मी बाहेर फरशी पुसत होतो. ती परत उठली नाही. लोक म्हणतात, तुमचा काय दोष? चांदणी गेलेली तिथे मी एकट्यानेच पाहिली होती.