झाकण आमचं, हंडा शेजारणीचा

आमच्या घरात स्टीलचं एक भलं मोठं झाकण आहे. ते कुठल्याच भांड्यावर बसत नाही. माठावर ठेवलं तर घसरतं, पातेल्यावर ठेवलं तर पातेलंच दिसेनासं होतं. त्यावर ‘मामाकडून सप्रेम भेट’ असं कोरलेलं आहे. तो मामा आमचा नव्हे. त्याला आम्ही कधी पाहिलंही नाही.

बायको गेल्यावर सुनेनं लुगडी वाटून टाकली, मी काही बोललो नाही. झाकणाला हात लावला तेव्हा मात्र ओरडलो. पोरगी घाबरली बिचारी. तिला काय माहीत!

तेव्हा आंदर मावळात स्टील नवीन होतं. घरोघर तांबं-पितळ नाहीतर चेपलेली जर्मनची भांडी. अशात एक जण सायकलला हंडा बांधून गावात आला. गडीमाणसं शेतावर असायची तेव्हाच यायचा, त्यामुळं आम्ही बाप्यांनी त्याला कधी पाहिलाच नाही. बायकांनी मात्र त्या हंड्यात आपापलं तोंड पाहिलं आणि येडावल्या. दर आठवड्याला रुपया द्यायचा, चिठ्ठी निघेल तिला हंडा, आणि शेवटी सगळ्यांनाच हंडा, अशी ती भिशी. पहिली चिठ्ठी पाटलिणीची निघाली. हंडा खरोखर आला. मग काय विचारता!

रुपये गोळा करायला म्होरकी पाहिजे होती. माझ्या बायकोचा आवाज नदीपलीकडच्या वाडीला ऐकू जायचा, म्हणून तिलाच केली. जी बाई का-कू करी तिला ही म्हणायची, “अगं, मी हाय न्हवं? हंडा न्हाई आला तर मला इचार.”

भातं झोडून झाली आणि तो माणूस यायचा बंद झाला.

भांडण कुणीच केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, भांडणात ती कुणाला हार जात नव्हती. पण रोज सकाळी धुणं घेऊन नदीवर निघताना बायका दारात थांबून हाक मारायच्या, “निघायचं का गं?” ती हाक थांबली. दारावरनं गप निघून जायच्या. गावात एक लग्न निघालं. हळद दळायला पहिलं बोलावणं हिला असायचं, ते आलंच नाही. ही धुणं बांधून उंबऱ्यात बसून राहायची. मी म्हणालो, “एकटी जा की.” तर म्हणाली, “एकटी जायला मी काय चोर हाय?”

ती पाटलांकडं गेली. पाटील हसले. “बायकांची भिशी, तिचा काय न्याय करायचा?” चौकीत गेली. हवालदार म्हणाले, “पावती दाखवा.” तिनं हात दाखवला. खरंच दाखवला, पंजा पसरून. “ह्या हातानं दिलं,” म्हणाली.

संक्रांतीच्या आसपास आमची शेजारीण लोणावळ्याच्या बाजारात पावट्याच्या शेंगा विकायला गेली होती. ती टोपली डोक्यावर घेऊन पळतच आमच्या दारात आली.

“घावला! चिक्की घेत हुता मुडदा. मागंमागं जाऊन घर बघून आले. त्याच्या बायकोनं परवा हळदीकुंकू ठेवलंया.”

माझी बायको कितीतरी दिवसांनी हसली. “मग जाऊ की,” म्हणाली. “हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कोण हाकलून देतंय? अन् वान दिल्याबिगर कोण उठवतंय?”

एक दोन करत साऱ्याजणी तयार झाल्या. लग्नातली लुगडी नेसल्या, डोईला तेल चोपडलं, भाकऱ्या बांधून घेतल्या. मला म्हणाली, “अवो, तुमी मागल्या दारी थांबायचं. पळाला तर धरायचं.” कान्ह्याच्या स्टेशनापर्यंत चालत, तिथनं गाडीनं लोणावळा. डब्यातली माणसं विचारत होती, लग्न कुणाचं? ही सांगत होती, “अजून ठरायचंय.”

घर बंगल्यांच्या आळीत होतं. बायका पुढल्या दारानं आत गेल्या. मी काठी घेऊन मागं गेलो. मागं परसात एक संडास, पेरूचं झाड आणि मी.

आत काय झालं ते मी बायकोच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. बंगल्यांतल्या बाया सतरंजीवर बसलेल्या. ह्या जाऊन त्यांच्यात बसल्या. घरधनीण साधी होती, तिला वाटलं शेजारच्यांनी कुणी आणल्या असतील. तिनं हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि वाण म्हणून हातात एकेक कंगवा ठेवला. माझ्या बायकोनं कंगवा परत केला.

“ताई, ह्यो नगं. तुमच्या मालकानं आमाला हंडा कबूल केलाय. आमी बसतो, काय घाई न्हाई.”

आणि भाकऱ्या सोडल्या.

इकडं मागलं दार उघडलं. एक माणूस बाहेर आला. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात टमरेल. मी काठी उचलली आणि खाली घेतली. टमरेल हातात असलेल्या माणसाला काय अडवायचं? वाट दिली. तो आत गेला, कडी लावली. बराच वेळ झाला. मग आतूनच हळू आवाज आला.

“पाव्हणं, बायका गेल्या का हो?”

“न्हाई,” मी म्हणालो. “जेवत्यात.”

“कधी जातील?”

“रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंय न्हवं? तवर बसतील. आज ह्या, उद्या ह्यांच्या जावा येतील. शेणी थापायला जागा हाय का म्हणून बघत हुत्या.”

 मग तो म्हणाला, “त्यात ती मोठ्या आवाजाची आलीय का?”

“ती माझीच,” मी म्हणालो. थोडा अभिमानानंच म्हणालो.

आत टमरेल पडलं.

त्या आवाजासरशी माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पुढं झालो आणि संडासाला बाहेरून कडी घातली. मग हाक मारली. बायका, बंगल्यांतल्या बायांसकट, परसात गोळा झाल्या. माझ्या बायकोनं दारापुढं उभं राहून सगळी भिशी पहिल्यापासून सांगितली. पलीकडच्या आळीतले लोक कुंपणावर आले. घरधनीण ऐकत होती. तिनं दाराला तोंड लावून एवढंच विचारलं, “खरं का हो हे?”

आतून त्यानं दार ढकलून पाहिलं.

तिनं पदर खोचला, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी काढायला लागली. झाकणासकट हंडा, घागर, परात, डबे, कळशी. सगळ्यांवर नावं कोरलेली, आत्याकडून, मावशीकडून, मामाकडून, लग्नातला आहेर सगळा. आमच्या बायका मागं सरल्या. एकजण म्हणाली, “नगं गं बाई, तुझं नगं.” तर ती म्हणाली, “न्या! त्याला आता पत्रावळीवर वाढते.”

आतून तो ओरडला, “सगळं न्या, पण कडी काढा!”

“कडीचं तुमच्या बायकूला इचारा,” माझी बायको म्हणाली. ती बाई त्या दिवशी काही कडी काढणार नव्हती असं मला वाटलं. पुढचं माहीत नाही, आमची गाडी होती.

स्टेशनावर वाटणी झाली. हिनं आधी सगळ्यांना दिलं. शेजारणीला हंडा दिला, कारण पत्ता तिनं लावला. शेवटी हिच्या वाट्याला त्या हंड्याचं झाकण उरलं. मी म्हणालो, “म्होरकीला झाकण?” ती म्हणाली, “वाजवायला झालं.”

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला दारात हाक आली, “निघायचं का गं?” शेजारीणच होती. ही चुलीपाशी होती, तोंडात मिश्री. बोलता येईना, म्हणून तिनं ते झाकण जमिनीवर आपटलं. बाहेर सगळ्या हसल्या. तेव्हापासून तोंडात मिश्री असली की तेच उत्तर, जन्मभर.

शेजारीण आता माझ्याएवढीच म्हातारी आहे. परवा चहाला आली.

“भावजी, आता तरी झाकण द्या. हंड्यात पाली पडत्यात.”

“हंडा हिकडं आणा.”

“मी का आणू? झाकण माझ्या हंड्याचं.”

“ती असती तर दिलं असतं का?”

“ती? ती मला हंडाच मागायची!” म्हणाली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. चहा तसाच राहिला.

घरात नळ आला तरी तिची पहाटे नदीवर जायची सवय सुटलेली नाही. एखाद्या दिवशी विसरते आणि जाता जाता आमच्या दारात हाक मारते, “निघायचं का गं?” मग तिच्या ध्यानात येतं आणि ती तिथंच उभी राहते. पुढं काय करावं तिला कळत नाही.

मी आतून झाकण आपटतो.