कब पथकाच्या ताई

अग्निशामक केंद्राच्या मागे एक लांबट हॉल आहे. शनिवारी दुपारी तिथे मुलांचा खेळ रंगात आलेला असताना भोंगा वाजला, की मुले जागच्या जागी थांबत. बंब बाहेर पडेपर्यंत हलत नसत आणि मग जिथे थांबली होती तिथूनच खेळ पुढे सुरू करत. नवे पालक हे पाहून भारावत. मुलांना संकटाबद्दल आदर शिकवला जातोय, असे त्यांना वाटे. ज्यांनी हा नियम घातला त्या ताईंचे म्हणणे वेगळे. "आदरबिदर काही नाही. त्या आवाजात माझं कोणाला ऐकू जात नाही, म्हणून."

ताई लाँड्रीत इस्त्रीचे काम करतात. वय अठ्ठावन्न. मनगटावर वाफेने भाजल्याच्या जुन्या खुणा आहेत आणि डावा गुडघा आता धातूचा आहे. गावातल्या स्काऊट गटातला सगळ्यात लहान मुलांचा विभाग, म्हणजे कब पथक, त्यांनी तीस वर्षे चालवला. सुरुवात थोरल्या मुलीमुळे झाली. तिला सोडायला गेल्या आणि थांबल्या. मुलगी मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेली, ताई हॉलमध्येच राहिल्या.

हा गट जुन्या पद्धतीचा आहे. आठ ते अकरा वर्षांपर्यंतची मुले-मुली कब. अकरा ते सतरा स्काऊट. त्यापुढचे रोव्हर. प्रत्येक विभागाचा वार वेगळा आणि म्होरक्या वेगळा. कब पथकात सहा-सहा जणांचे गट असतात, त्यांना षटक म्हणतात. प्रत्येक षटकाचा एक नायक किंवा नायिका असते, बहुधा दहा वर्षांची. ताईंचा सगळा विश्वास या दहा वर्षांच्या मुलांवर.

"दहा वर्षांच्या पोराला जगात कुठे मोठं होता येतं, सांगा," त्या म्हणतात. "घरी दादा असतो नाहीतर ताई असते. शाळेत वरचे वर्ग असतात. इथे वर कोणी नसतं. इथे तोच मोठा."

मोठ्या माणसांसाठी त्यांचा एकच नियम होता, हात खिशात. आठ वर्षांचे मूल बुटाची नाडी बांधत असेल, गाठ सुटत असेल, पुन्हा सुटत असेल, तरी जवळच्या मोठ्या माणसाने हात खिशात ठेवायचे. ताई स्वतः शिंप्याकडून प्रत्येक कपड्याला खिसे लावून घेत. मुलांना न्यायला लवकर आलेल्या बापांनाही दारातच बजावले जाई. एका बापाने विचारले होते, "खिसाच नसेल तर?" ताई म्हणाल्या, "मग बाहेर थांबा."

नियम चांगला होता आणि तीस वर्षे चालला. एका माणसाच्या बाबतीत मात्र ताईंनी तो स्वतः कधी पाळला नाही. हा माणूस म्हणजे ताईंचा सहायक.

सहायक दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतो, म्हणून मुले त्याला कवळीदादा म्हणतात. वय चोवीस. आठव्या वर्षी तो याच हॉलमध्ये कब म्हणून आला होता, पुढे स्काऊट झाला, रोव्हर झाला आणि रोव्हर असतानाच ताईंच्या हाताखाली मदतीला आला. हाताखाली हा शब्द इथे अक्षरशः घ्यायला हवा. तो दोरी गुंडाळायला लागला, की ताई ती त्याच्या हातातून घेऊन परत गुंडाळत. त्याने खेळ समजावायला सुरुवात केली, की दुसरे वाक्य ताईंचे असे. शिबिराचे सामान तो भरी आणि ताई ते उपसून पुन्हा भरत. यात राग नव्हता. लाँड्रीत अर्धी इस्त्री झालेला शर्ट दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. कॉलरपासून शेवटच्या घडीपर्यंत एकच हात. ती सवय ताईंच्या अंगात मुरलेली होती.

ही गोष्ट त्यांच्या यजमानांनी फार पूर्वीच हेरली होती. ते बस डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत, कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा टोला हाणतात. "तुझे हात खिशात असतात ते पोरांसमोर," ते म्हणाले होते. "कवळी दिसला की बाहेर येतात."

"अहो, त्याला अजून जमत नाही."

"जमेल कसं? डेपोत आम्ही नव्या पोराला स्टिअरिंग द्यायचो. तू त्याला कंडक्टरच ठेवलायस."

ताईंनी हे ऐकले आणि सोडून दिले. प्रश्न पुढे आला तो गुडघ्यामुळे.

शस्त्रक्रिया ठरली, त्याच सुमारास गटाच्या समितीपुढे एक प्रस्ताव होता. स्काऊट विभागात मुले कमी होत चालली होती. त्या विभागाचे प्रमुख निवृत्त भूमापक आहेत आणि सगळे त्यांना सर्व्हेअरकाका म्हणतात. त्यांनी सुचवले, की वयाचे विभाग मोडावेत आणि आठपासून सतरापर्यंत सगळ्यांना एकत्र घ्यावे. वार एक, म्होरक्या एक. पालकांनाही ते सोयीचे होते, दोन मुलांसाठी दोन खेपा घालाव्या लागणार नव्हत्या. सर्व्हेअरकाका हट्टी नाहीत आणि त्यांचे कारण खोटे नव्हते. ताई बऱ्या होईपर्यंत कब पथक चालवणार कोण, हा त्यांचा सरळ प्रश्न होता.

ताई समितीत म्हणाल्या, "मोठ्यांच्या खेळात लहान मूल एक तर चेंडू असतं, नाहीतर गोलपोस्ट. माझी पोरं मी तशी देणार नाही."

"देऊ नका," सर्व्हेअरकाका म्हणाले. "पण तुमच्याशिवाय पथक चालतं का, ते दाखवा. एका रात्रीचं शिबिर घ्या. तुम्ही घरी, कवळी तिथे. मी बघायला येतो. चाललं, तर विभाग राहील."

ताईंनी मान्य केले. शस्त्रक्रिया होऊन त्या काठीवर चालू लागल्या होत्या. शिबिराची जागा गावाबाहेरची रोपवाटिका. कवळीदादाने सामान भरले आणि या वेळी ते उपसायला कोणी नव्हते. मुले टेम्पोत बसून गेली.

दुपारपर्यंत ताई घरात ठीक होत्या. मग आकाशाकडे बघायला लागल्या. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, म्हणजे लाकडे ओली असणार, हे त्यांनी यजमानांना सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा सांगितले.

"नुसतं लांबून बघून येऊ," त्या म्हणाल्या.

"तुझं लांबून म्हणजे हाताच्या अंतरावरून."

"गाडीतून उतरणार नाही. शप्पथ."

यजमानांनी किल्ली घेतली. आपण ती घ्यायला नको होती, असे ते आजही म्हणतात. "पण मग तिने रिक्षा केली असती. तेही खरं."

रोपवाटिकेच्या कुंपणापाशी गाडी थांबली तेव्हा उन्हे उतरत आली होती. गाडीतून सगळे दिसत होते, एका बाजूला बसून बघणारे सर्व्हेअरकाकाही. तिन्ही षटकांनी आपापल्या चुली मांडल्या होत्या. दोन पेटल्या होत्या. तिसरीसमोर एक दहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली षटकनायिका पालथी पडून फुंकत होती. धूर भरपूर, जाळ नाही. पातेल्यात बटाटे तसेच. तिच्या षटकातली मुले आधी लाकडे आणून देत होती, मग नुसती बसली. सगळ्यात लहान मुलगा भुकेने रडायला लागला. तीन पावलांवर कवळीदादा उभा होता. हात खिशात.

"हा बघत काय बसलाय," ताई म्हणाल्या.

"तू शिकवलंस तेच करतोय," यजमान म्हणाले.

ताईंनी दार उघडले.

काठी टेकत त्या आत येताना दिसल्या मात्र, सगळे शिबिर उठले. पेटलेल्या चुली सोडून मुले धावली. ताई आल्या, ताई आल्या. ताई तिसऱ्या चुलीपाशी गेल्या. गुडघा वाकत नव्हता, म्हणून काठीनेच दाखवत गेल्या. हे लाकूड काढ, ते उभं कर, खाली हवा जाऊ दे, सालपटं सोलून मधली कोरडी काडी घे. षटकनायिका सांगितले तसे करत गेली. थोड्याच वेळात जाळ धरला. बटाटे शिजले आणि मुले जेवली. रडणारा मुलगा ताईंच्या शेजारी बसून हसत होता. ताई समाधानाने निघाल्या.

निघताना तंबूंच्या मागून जावे लागले. तिथे षटकनायिका पातेले घासत होती आणि कवळीदादा पाणी ओतत होता. मुलगी चिडलेली नव्हती, एखादी अडचण सांगावी तसे सांगत होती. "ताई येणारच होत्या तर आधी सांगायचं ना, दादा. मी उगाच फुंकत बसले."

कवळीदादा पाणी ओतत राहिला. ताई गाडीत येऊन बसल्या. 

समितीत सर्व्हेअरकाकांनी थोडक्यात सांगितले. शिबिर छान झाले, मुले आनंदात होती, जेवण उत्तम. "पण अट होती ताईंशिवाय. ताई आल्या. त्यामुळे मला काही कळलं नाही. एकत्र करायचं ठरवू या."

ताई उठून उभ्या राहिल्या. बाजू मांडण्यात त्या पटाईत आहेत, तेव्हा सगळ्यांना भाषण अपेक्षित होते. त्या म्हणाल्या, "चूल पेटत होती. उशीर लागला असता, पण पेटली असती. मी ती त्या मुलीच्या हातातून काढून घेतली. कवळीने केलं ते बरोबर होतं. परत एक शिबिर द्या."

"आणि तुम्ही परत आलात तर?"

"नाही येणार. मी कब पथक सोडते. आज, आत्ता. मग कुठल्या नात्याने येऊ?"

 तीस वर्षांचे काम असे खुर्चीवरून उठता उठता सोडलेले समितीने पाहिले नव्हते. पहिला बोलला तो कवळीदादा, आणि त्याचा आवाज चढलेला होता. ताईंसमोर तो असा कधी बोलला नव्हता.

"ताई, हेही तुम्हीच ठरवलंत. मला विचारलंत?"

 ताई खाली बसल्या. "नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "बरं, तू सांग."

कवळीदादाला हे अनपेक्षित होते.  तो म्हणाला, की ताईंनी सोडावे हे त्यालाही पटते, वाईट वाटते पण पटते. पथक तो घेईल. मात्र शिबिर त्याच जागी, तेच षटक, तीच नायिका आणि चूलही तिचीच. सर्व्हेअरकाका म्हणाले, "म्हणजे मी उपाशी बसायचं."

"काका, या वेळी घरून खाऊन या," कवळीदादा म्हणाला.

दुसरे शिबिर झाले तेव्हा ताई लाँड्रीत होत्या. एका हॉटेलच्या चादरी आल्या होत्या, त्या दिवसभर करत राहिल्या. मालकीणबाईंनी दोनदा सांगितले, की बाई, गुडघा आहे, बसा. ताई बसल्या नाहीत. यजमान दुपारी डबा घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर पेपर वाचत बसले. गाडीची किल्ली त्यांनी घरीच ठेवली होती, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले. ताईंनी विचारले नव्हते.

तिकडे काय झाले ते सर्व्हेअरकाकांनी समितीला सांगितले. ते घरून खाऊन गेले नव्हते, आणि ही त्यांची चूक ठरली. चूल पेटायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. नायिकेने दोनदा लाकडे विस्कटून नव्याने रचली. एकदा ती रडली आणि तिच्याच षटकातल्या एका मुलाने ती रडतेय म्हणून तिची जागा घेऊन फुंकले. जेवण झाले तेव्हा बाकीची षटके झोपायच्या तयारीत होती. "बटाटे कच्चे होते," सर्व्हेअरकाका म्हणाले. "मी तीन खाल्ले. विभाग राहू दे."

कब पथक राहिले. शनिवारी दुपारीच भरते. कवळीदादाने काही गोष्टी बदलल्या. भोंगा वाजल्यावर मुले आता थांबत नाहीत, कारण कवळीदादाचा आवाज ताईंपेक्षा मोठा आहे. दोन षटके वाढून पाच झाली आहेत. ताईंना हे सगळे ऐकून माहीत आहे, कारण शनिवारी त्या त्या गल्लीतून जात नाहीत. लाँड्रीत गणवेश घेऊन येणाऱ्या पालकांना त्या शाळा विचारतात, तब्येत विचारतात. पथकाचे विचारत नाहीत.

गटाने मात्र त्यांना सोडले नाही. रोव्हर, म्हणजे सतराच्या पुढची मुले-मुली, यांच्या विभागात म्होरक्या नसतो. ते आपले आपण ठरवतात. त्यांच्यासोबत एक वडीलधारा सल्लागार असतो आणि कोणी विचारल्याशिवाय त्याने बोलायचे नसते. ती जागा बरेच दिवस रिकामी होती. सर्व्हेअरकाकांनी ताईंचे नाव सुचवले. चेहरा गंभीर ठेवून सुचवले, असे समितीतले लोक सांगतात. यजमानांना बातमी कळल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या पोरांनी काय पाप केलंय?"

ताई बुधवारी संध्याकाळी त्या बैठकीला जातात. भिंतीशी खुर्ची घेऊन बसतात. रोव्हरांचे बोलणे लांबत जाते. ठरलेले मोडते, मोडलेले पुन्हा ठरते. नदीतून होडीने जायचे, की पायी जायचे, यावर त्यांचा एक महिना गेला. होडी त्यांच्याकडे नव्हतीच, हे त्यांच्या लक्षात यायला आणखी एक आठवडा लागला. ताईंच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आले होते.

पहिल्या बैठकीत त्यांना कोणी काही विचारले नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातही नाही. चौथ्या बैठकीत एक मुलगी त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "ताई, मागच्या खोलीतल्या दिव्याचं बटण कुठे आहे?"

ताईंनी सांगितले, दाराच्या डावीकडे. मुलगी गेली. दिवा लागला नाही, आतून बटणे वरखाली केल्याचा आवाज येत राहिला. ताई खुर्चीत बसून राहिल्या. तिथे बल्बच नाही, हे त्यांना माहीत होते आणि ते त्यांना कोणी विचारले नव्हते.