कोपऱ्यातली खाट

आमच्या भाऊजींना लाल रंगाचं वावडं आहे. टोमॅटो चालतो, शर्ट चालतो. कामात मात्र लाल दिवा दिसला की यांच्या कपाळाला आठी. कंपनीत त्यांना 'हिरवेसाहेब' म्हणतात आणि गृहस्थ त्यावर खूश!

काम तसं साधं. कुठे वाय-फायला नव्या पद्धतीचं भक्कम कुलूप बसवलं की जागोजागी साबणाच्या वडीएवढे सेन्सर लावायचे. ते दिवसभर मोबाइलसारखे वाय-फायला जोडून बघतात. जोडले गेले तर हिरवा दिवा, नाही तर लाल. ताईशी लग्न झालं तेव्हा हाच माणूस एका लाल दिव्यासाठी भरल्या ताटावरून उठून जायचा. मग बढती मिळाली आणि पाठीचा कणा गेला.

गावातल्या मोठ्या हॉस्पिटलचं काम त्यांनी 'सगळं हिरवं' म्हणून पास केलं. सेन्सर नवेकोरे, त्यांना नवं कुलूप उघडता येणारच. पण खाटांजवळची मॉनिटर मशीनं जुनी, नव्या कुलपाशी अडखळणारी. त्यांचं वाय-फाय मधूनच तुटायचं, आणि मग पेशंटचा श्वास अडकला तरी नर्सच्या टेबलावर पत्ता नसायचा.

हे आम्हाला कळलं ते बाबांना तिथेच, कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं म्हणून. त्यांच्या उशाशी मशीन कोकलत होतं आणि नर्सच्या पडद्यावर सगळं आलबेल. मी धावत जाऊन तिला अक्षरशः ओढून आणलं, म्हणून बाबा वाचले.

मी भाऊजींना फोन लावला. "माझ्या रिपोर्टमध्ये तर सगळं हिरवं आहे," म्हणाले. पण लगेच स्वतः हजर झाले, आणि कुणाकुणाशी गोड बोलून बाबांना नर्सच्या टेबलासमोरच्या खाटेवर हलवलंसुद्धा.

"भाऊजी, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"या मशीनांसारखा जुन्या पद्धतीचा एक सेन्सर लावून बघितला होता त्या कोपऱ्यात. सारखा लाल. काढून टाकला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपलं माणूस सुरक्षित आहे ना? मग कशाला बोभाटा?"

मला शिसारी आली. या माणसाला मी इतकी वर्षं वाकून नमस्कार करत होतो!

तेवढ्यात कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर एका आजींना आणलं. भाऊजींच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून आजींची मुलगी विचारायला आली, "साहेब, ते मशीन नीट चालतं ना? मी जरा घरी जाऊन येते."

"बिनधास्त जा," भाऊजी हसून म्हणाले.

बाबांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "जावईबापू, यांच्या आईंना इथे आणा. मला परत कोपऱ्यात न्या." त्यांना धाप लागली, तरी थांबले नाहीत. "आणि शेजारी स्टूल टाकून तुम्ही बसा. मशीन ओरडलं की पळायचं."