घारापुरीची शिडी

माझ्या मुलानं अंदमानची सहल आखली तेव्हा नात आठ महिन्यांची होती आणि सून आठ महिन्यांची जागी होती.

अतिशयोक्ती नाही ही. पोरगी दर दोन तासांनी उठायची आणि आईशिवाय कुणाकडं गप्प राहायची नाही. सून एकदा कुकरमध्ये तांदूळ घालायचंच विसरली आणि तीन शिट्ट्या मोजून तिनं गॅस बंद केला. बँकेतली तिची वाढवून घेतलेली रजा दीड महिन्यात संपणार होती. त्याआधी तिचं एकच मागणं होतं, "कुठंतरी समुद्रापाशी न्या मला. काही दाखवू नका. नुसतं पडून राहू द्या."

आमच्या मंठा गावापासून समुद्र कुठल्याही बाजूला लांबच. मुलानं विचार केला, लांबच जायचं तर मंग नीट लांब जाऊ. आणि आम्हा म्हातारा-म्हातारीलाही धरलं. म्हातारा म्हणजे माझे यजमान, इथल्याच शाळेतून निवृत्त झालेले मास्तर.

मुलगा बियाणांच्या कंपनीत आहे. वर्षभर गावोगाव हिंडतो आणि एका दिवसात किती गावं झाली यावर रात्री खूश होतो. तसाच त्यानं शनिवारी जेवणं झाल्यावर सहलीचा कागद आमच्यापुढं पसरला. सहा दिवस, पाच बेटं. प्रत्येक दिवसापुढं वेळा लिहिलेल्या. चौथ्या दिवशी तर पहाटे तीनला गाडी, कारण कुठल्याशा चुनखडीच्या गुहा होत्या.

"आन् ही?" मांडीवरच्या पोरीकडं बोट करून सुनेनं विचारलं.

"ती पिशवी आणलीय ना आपण, पोटाला बांधायची."

"कुणाच्या पोटाला?"

यावर आमच्या चिरंजीवांनी त्यांचं ब्रह्मास्त्र काढलं. ते ब्रह्मास्त्र म्हणजे मी.

"मायनं मी सात महिन्यांचा असताना मला घेऊन मुंबई पालथी घातली. तीन दिवसांत चौदा ठिकाणं! घारापुरीच्या सगळ्या पायऱ्या चढून लेणी पाहिली. तेव्हा कुठली आली पिशवी? सांग की माय."

आता मला कुणी 'सांग की' म्हटलं, की माझ्या अंगात येतं. बासष्ट वर्षांची झाले तरी येतं. मी पदर सावरला आणि सुरू झाले. मनमाडला गाडी कशी बदलली, बोट कशी डुलली, एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत दशम्यांचा डबा घेऊन शंभरावर पायऱ्या कशा चढले, आत तो तीन तोंडांचा महादेव कसा प्रसन्न बसला होता, आणि मी पुढं होऊन त्याच्या मधल्या कपाळाला हळदकुंकू कसं लावलं. हे शेवटचं सांगताना मी नेहमी उजव्या हाताची दोन बोटं पुढं करते. त्या दिवशीही केली.

सून माझ्या त्या बोटांकडं बघत राहिली. वर्तमानपत्रामागं यजमानांना ठसका लागला.

"बघ," मुलगा म्हणाला. "अडतीस वर्षांपूर्वी. आन् आता विमान असून..."

"मंग तुम्हीच जा," सून म्हणाली. "मी आन् बाळ घरीच राहतो." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागावायलाही थोडी झोप झालेली लागते. तिनं पोरगी उचलली आणि ती आत गेली.

"उद्या दुपारी तिकिटं काढून राह्यलोय मी," मुलगा तिच्या मागं मोठ्यानं म्हणाला. "येणार नसशील तर तीनच काढतो!"

मी कागदाची घडी घालत बसले. ती एक सुट्टी तिला मिळणार होती, आणि ती माझ्या दोन बोटांनी घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला न्हाऊ घालत होते. न्हाणीत पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर पोरगी पालथी. माझा हा कार्यक्रम रोजचा, आणि सून तांब्यानं कोमट पाणी ओतायला रोज समोर. तिच्या डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं झालेलं.

"आई, एक विचारू? रागावायचं न्हाई."

"विचार."

"शिडी कोणी धरली होती?"

"कसली शिडी?"

"घारापुरीची. मी कॉलेजच्या सहलीत गेल्ते तिथं. ती मूर्ती दोन मजल्यांएवढी उंच आहे, आई. नुसतं तिचं नाक बघायचं तर आपली मान मोडते. तुम्ही कपाळाला कुंकू लावलं म्हणता, मंग शिडी लागलीच असणार."

डाळीच्या पिठानं माखलेला माझा हात नातीच्या पाठीवर तसाच थांबला. दोन मजले! मी तर ती मूर्ती आमच्या मारुतीएवढी धरून चालले होते. चांगला कमरेएवढा मारुती.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून. वाणाला आलेल्या बायांना सांगत होत्या तुम्ही."

"सहा वर्षं? आन् काल? काल बोलली असतीस तर त्याचं तोंड तिथंच बंद झालं असतं की!"

"झालं असतं," ती पाणी ओतत म्हणाली. "पण मंग ते जल्मभर तुम्हालाच चिडवत बसले असते. आन् ते सांगताना तुम्ही लई खूश दिसता. ओतू का अजून? गार होऊन राह्यलंय."

मी मान हलवली. नातीच्या डोक्यावरून पाणी गेलं आणि तिनं भोकाड पसरलं. झोपेनं पेंगणाऱ्या या पोरीनं माझी थाप सहा वर्षं सांभाळली होती. हातात हुकमाचं पान असून टाकलं नव्हतं. मी मात्र काल भरल्या पोटी तिच्यावर तीच थाप फेकून मारली.

दुपारी पानं वाढली. भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. मुलगा एका हातानं जेवत होता आणि दुसऱ्या हातानं फोनवर विमानं बघत होता.

"फोन ठेव," मी म्हणाले. "मी घारापुरीची लेणी पाहिलेली न्हाई."

यजमानांचा घास हातातच राहिला. "अगं..." ते म्हणाले.

"तुम्ही गप बसा. अडतीस वर्षं गप बसलात, अजून पाच मिनिटं बसा."

आणि मी सगळं सांगितलं.

तेव्हाची मी, ती चोवीस वर्षांची बाई, मोठी शहाणी होती. निघायच्या आधी महिनाभर तिनं वहीत चौदा ठिकाणं लिहून काढली आणि ती वही सासूला, नणंदांना, शेजारणींना वाचून दाखवली. सामानात दशम्या, दुपटी, वातीचा स्टोव्ह, बाळगुटीचं साहित्य आणि ती उगाळायची दगडी सहाण. होय, मुंबईला जाताना तिनं दगड नेला. यजमान म्हणाले, एक दिवस गुटी नाही दिली तर चालणार नाही का? बाई म्हणाली, बिलकुल न्हाई. म्हणून तो दगड मनमाडच्या पुलावर यजमानांनी वाहिला.

पहिल्या दोन दिवसांत अकरा ठिकाणं झाली. कशी होती म्हणाल तर आठवत नाहीत. प्रत्येक ठिकाणी ती पोहोचायची, वहीत खूण करायची आणि "चला जल्दी" म्हणायची. बाहेर अडचण नको म्हणून पाणी प्यायची नाही. तिसऱ्या सकाळी घारापुरीच्या बोटीत पोरानं रडायला सुरुवात केली. बाईनं पदराआड घेतलं तर दूधच येईना. येईल कुठून? दोन दिवस घशाखाली पाणी नाही, पाठ टेकलेली नाही. बेटावर उतरेपर्यंत पोर रडून निळं पडायला आलं होतं, आणि बाई तरीही पायऱ्यांकडं निघाली होती, कारण वहीत बारावी खूण राहिली होती.

पाच-सहा पायऱ्या चढली आणि डोळ्यांपुढं अंधार. मटकन खाली बसली.

तिथं एक कोळीण काकड्या विकत बसली होती. तिनं टोपली सोडली, येऊन पोर हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "देव पळून जात न्हाय कुठं. तू आधी चल."

पायऱ्यांच्या बाजूलाच तिचं घर. तिनं मीठ घातलेली तांदळाची पेज दिली. एक वाटी, दोन, तीन. पोराला पाजायला लावलं, पाठीला उशी दिली आणि ओसरीवरच्या चटईकडं बोट दाखवलं. एवढं मला आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण मी झोपले. उठले तेव्हा उन्हं कलली होती. पोर त्या बाईच्या मांडीवर, तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून गाढ झोपलेलं. यजमान पायरीवर बसून तिच्या नवऱ्याबरोबर जाळ्याची गाठ शिकत होते. समोर नुसतं पाणी. शेवटची बोट लागली होती.

परतताना बोटीत त्या शहाण्या बाईला रडू आलं. लेण्यांसाठी नाही हो. घरी नणंदा काय म्हणतील यासाठी. यजमानांनी धक्क्यावर चित्रांच्या कार्डांचं पाकीट घेतलं होतं. ती कार्डं बघून आम्ही दोघांनी गाडीत लेणी पाठ केली. तळहाताएवढ्या कार्डावर देव केवढा दिसणार? कुंकवाची भर मी माझ्या पदरची घातली. उरलेली दोन ठिकाणंही पाहिली नाहीत. म्हणजे चौदाही खोटं.

मी थांबले. मंग मुलगा एकदम ओरडला, "माय! मी शाळेत निबंध लिहिला होता यावर! 'माझ्या आईने पाहिलेली लेणी'! आन् दादा, तुम्हीच तपासला होता!"

"आठ मार्क दिले होते," त्याचे दादा म्हणजे यजमान म्हणाले.

"खोट्या लेण्यांना?"

"शुद्धलेखनाला."

सून हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मंग पदर सोडून. किती महिन्यांनी हसली असेल, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. नात तिच्याकडं बघून टाळ्या पिटायला लागली. मुलगा आधी फुगला होता. मंग त्यालाही हसू आवरेना.

आणि मला काय झालं म्हणून सांगू? खोटं उघडं पडल्यावर लाज वाटायला हवी होती. मला तर डोक्यावरचा भारा उतरवून बांधावर टेकल्यासारखं वाटलं. अडतीस वर्षं मी जी न पाहिलेली लेणी सांगत होते, त्यांच्या पायी ती ओसरी, ती पेज आणि ती झोप मला कुणाला सांगताच आली नव्हती. त्या अख्ख्या सहलीत सुट्टी म्हणावी अशी तेवढीच होती.

"आता तो कागद आण," मी मुलाला म्हणाले, "आन् कोरा पण आण."

नवा बेत जेवणाच्या जागीच ठरला. एकच बेट, जे सगळ्यात लहान ते. सहाही दिवस एकाच ठिकाणी, पाण्याजवळची खोली, पायऱ्या नसलेली. सकाळी पाजून झालं की पोरगी माझ्या आणि आजोबांच्या ताब्यात. तिला वाळूत लोळवू, नाहीतर रडवू, आईला उठवायचं नाही. पहाटेच्या गुहा रद्द. येताना अर्धा दिवस बापलेकांनी सेल्युलर जेलला जाऊन डोकं टेकवून यायचं. सहाण नेणार का, असं सुनेनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं. मी तिच्या पाठीत एक धपका घातला.

"आन् तिसऱ्या दिवशी काय लिहू?" मुलानं विचारलं. पेन हातात असलं की त्याला मोकळी जागा बघवत नाही.

"काही न्हाई."

"चौथ्या?"

"तेच."

त्यानं मोठ्या कष्टानं दोन्ही जागा रिकाम्या सोडल्या. मंग सुनेकडं न बघताच हळूच विचारलं, "मंग किती तिकिटं काढू?"

"चार," ती म्हणाली. "आन् हिचं जे काय असतं ते."

मी कुरकुरणाऱ्या नातीला कडेवर घेऊन ताटं गोळा करायला लागले. मनात एक गोष्ट राहून राहून येत होती. इतकी वर्षं कुणाला विचारायची सोय नव्हती, ती आता झाली होती.

"खरंच दोन मजले आहे गं ती मूर्ती? कशी दिसते?"

सून ओट्याला टेकून उभी राहिली. "आत गेलं की आधी काहीच दिसत न्हाई, आई. नुसता अंधार. मंग डोळे सरावतात आन् तो चेहरा हळूहळू दिसायला लागतो. डोळे मिटलेले आहेत त्याचे. एवढे लोक बडबडत असतात समोर, पण त्याला कशाची घाई न्हाई."

मी ऐकत राहिले. माझ्या कुंकवाची त्याला काही गरज नव्हती, हे बरंच झालं म्हणायचं.

तेवढ्यात बाहेरून मुलाचा आवाज आला, "माय, ऐक की! विमान मुंबईवरून आहे. मधे सात तास आहेत. सकाळच्या बोटीनं घारापुरी करून बराबर विमानाला..."

"न्हाई!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. वर्तमानपत्रामागूनही तेच ऐकू आलं.

त्या ओरडण्यानं नात दचकली, तिनं क्षणभर ओठ काढले, आणि मंग विचार बदलून माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. आईकडं न जाता. सून बघतच राहिली.

"जा," मी डोळ्यांनीच तिला आतल्या खाटेकडं खुणावलं. ती गेली. मी तशीच ओट्याशी उभी राहिले, हलले नाही. ताटं तशीच पडली होती. पडू देत.